नकाशा हिरवा, पण ऊन कुणी मोजलं?

रब्बीचं पीक अडचणीत आलं की सोलापूर जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. गावात पैसेवारीवरून, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजावरून, कुरबुर, आणि शहरात रंगीत नकाशांची देवाणघेवाण. नकाशावाल्यांचा युक्तिवाद साधारण असा असतो: ऑक्टोबरात मंगळवेढा-मोहोळचा पट्टा पिवळट तपकिरी दिसत होता, डिसेंबरअखेर तो हिरवा झाला; म्हणजे ज्वारी उगवली, वाढली, सावरली; मग ओरड कशाची? तलाठ्यावर दबाव येऊ शकतो, पुढाऱ्याला मतं हवी असतात, उपग्रहाला काहीच नको असतं. तो सात-आठशे किलोमीटरवरून जे आहे तेच टिपतो.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. उपग्रह ज्वारी टिपत नाही. ज्वारीवरून आणि ज्वारीखालच्या काळ्या जमिनीवरून परतलेलं ऊन तो टिपतो. ते ऊन ऑक्टोबरात एका कोनातून आलेलं असतं, डिसेंबरात दुसऱ्या. ऑक्टोबरचा आकडा आणि डिसेंबरचा आकडा शेजारी ठेवून त्यांतला फरक पिकाच्या खात्यावर जमा करणं म्हणजे दोन भावांची उंची मोजताना धाकट्याला ओट्यावर उभं करणं. धाकटा वाढला नसेल असं नाही. पण किती वाढला हे त्या मोजणीवरून कळणार नाही.

आधी ऊन मोजू. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. २१ जूनला तो माथ्याच्या किंचित उत्तरेला, क्षितिजापासून ८४ अंशांवर असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र दक्षिणेकडे कललेला, भर दुपारीसुद्धा ४९ अंशांवरच. आणि उपग्रह काही भर दुपारी येत नाहीत. युरोपचा सेंटिनेल-२, आपला रिसोर्ससॅट हे स्थानिक सौरवेळेनुसार साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातात. लँडसॅट त्याच्याही थोडा आधी. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, सोलापूर ७६ च्याही अलीकडे. त्यामुळे इथल्या घड्याळात ती वेळ अकराच्या आसपास पडते. त्या वेळी सूर्याची उंची काढली तर जूनअखेरीला ६८ अंश, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ६२ अंश आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फक्त ४३ अंश भरते. यासाठी संगणक लागत नाही, शाळेतली त्रिकोणमिती पुरते.

हाच हिशेब आता रानात नेऊ. रब्बी ज्वारी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरतात. पीक ६० सेंटिमीटर उंच झालं आहे असं धरा. सप्टेंबरातल्या उन्हात तेवढ्या उंचीच्या पिकाची सावली ३२ सेंटिमीटर पडेल. दोन ओळींमधली बरीचशी काळी माती उपग्रहाला उघडी, उन्हात चकाकताना दिसेल. डिसेंबरात त्याच उंचीची सावली ६३ सेंटिमीटर होते. ती वायव्येकडे, उत्तरेपासून सुमारे २९ अंश पश्चिमेला पडते. ओळी पूर्व-पश्चिम असतील तर तिच्यातले ५५ सेंटिमीटर आडवे पडतात, म्हणजे ४५ सेंटिमीटरची सगळी मोकळी माती सावलीत जाते. ओळी दक्षिणोत्तर असतील तर आडवे पडतात जेमतेम ३०. तिसरा हिस्सा माती उन्हातच राहते. पानं म्हणजे भिंत नव्हे, त्यांतून ऊन गळतं, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. पण तो कुठल्या दिशेला बोट दाखवतो ते पाहा. एकच वाण, एकच तारीख, एकच उंची, फक्त तिफण कुठल्या अंगाने चालली त्यावर वरून दिसणारं रान बदलतं.

तिफण कुठल्या अंगाने चालते हे लहरीवर ठरत नाही. १९३० च्या दशकापासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. उताराला आडवी पेरणी करा, पाणी जागच्या जागी जिरवा, हे तिथून निघालेलं साधं शहाणपण आता रानोरान मुरलेलं आहे. साहजिकच दक्षिणेला उतरणाऱ्या रानात ओळी पूर्व-पश्चिम जातात आणि पूर्वेला उतरणाऱ्या रानात दक्षिणोत्तर. हा उतार शेकड्याला एक-दोनचा, डोळ्यांना जाणवतही नाही. सह्याद्रीत असतो तसा डोंगरांच्या सावल्यांचा प्रश्न या जिल्ह्यात बार्शीकडचा बालाघाटाचा भाग सोडला तर फारसा नाही. म्हणून ‘सोलापूर सपाट आहे, इथे कोनाचं काय घेऊन बसलात’ असं म्हणणाऱ्यांना वाटतं की विषय मिटला. तो मिटत नाही. इथे सावली डोंगराची पडत नसेल, धाटाची पडते.

सावली पडली म्हणून हिरवेपणाचा आकडा का बदलावा? हिरवं पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, की ज्याला सगळे एनडीव्हीआय म्हणतात तो निर्देशांक मिळतो. उघड्या मातीवर तो कमी येतो, दाट पिकावर जास्त. विरळ पिकात उपग्रहाच्या एका चौकटीत पान आणि माती दोन्ही मिसळलेली असतात. सूर्य खाली कलला की तिरपं ऊन पानांच्या थरातून लांबचा रस्ता कापतं, जास्त पानांवर पडतं, मातीवर कमी. शिवाय पानातून गाळून सावलीत जो उजेड उतरतो त्यात तांबडा जवळपास संपलेला आणि अवरक्त बराच शिल्लक असतो. सावलीतली मातीसुद्धा त्यामुळे किंचित ‘हिरवी’ वाटू लागते. एकूण परिणाम असा की विरळ ते मध्यम दाटीच्या पिकात, एकही पान न वाढता, सूर्य कलेल तसा एनडीव्हीआय सहसा चढतो. दाट उसात हा फरक विरघळून जातो, कारण तिथे माती दिसायचीच नसते. फटका बसतो तो ओळींत पेरलेल्या, ओलीवर कशीबशी तगलेल्या जिरायत ज्वारीला. ज्या पिकाची खरी परिस्थिती कळणं सगळ्यात निकडीचं, नेमकं तेच डिसेंबरात आहे त्यापेक्षा बरं दिसण्याची शक्यता जास्त.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एनडीव्हीआय हे गुणोत्तर आहे, उजेड कमी-जास्त झाला तरी वरचं-खालचं सारख्याच प्रमाणात बदलतं, फरक उडून जातो. अर्धं बरोबर. उजेडाची तीव्रता उडून जाते. तो उजेड पानावर पडला की मातीवर, हे उडत नाही. दुसरा आक्षेप अधिक आत्मविश्वासाने येतो: आम्ही सूर्यकोनाची दुरुस्ती केलेली प्रतिमा वापरतो. कसली दुरुस्ती? नेहमीची दुरुस्ती म्हणजे सूर्याच्या उंचीनुसार एकूण उजेड समान पातळीवर आणणं आणि हवेचा परिणाम वजा करणं. त्याने प्रतिमा उजळते, ओळीतली सावली जात नाही. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या प्रतिमांसाठी याहून पुढची दुरुस्ती आहे. ती उपग्रह तिरका बघत होता की सरळ, हा फरक काढून टाकते आणि सगळं स्थानिक मध्यान्हीच्या सूर्याला बेतून देते. पण मध्यान्हीचा सूर्य जूनमध्ये ८४ अंशांवर आणि डिसेंबरात ४९ अंशांवर असतो, हे वर आलंच आहे. बघणाऱ्याची मान सरळ केली. दिवा जिथे होता तिथेच आहे.

आणि एक गोष्ट माझ्याच बाजूला आडवी जाते, तीही सांगतो. हिवाळ्यात तिरपं ऊन हवेतूनही लांबचा रस्ता कापतं. धुरकं, धुकं, पाचट जाळल्याचा धूर यांतून एनडीव्हीआय खाली ओढला जातो. म्हणजे एक कारण आकडा वर नेतं, दुसरं खाली. ‘मग दोन्ही मिळून फिटंफिट’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. फिटंफिट व्हायला दोन्ही सारखी असावी लागतात. ती रोज, रानागणिक वेगळी असतात. त्यामुळे डिसेंबरच्या आकड्यातून ठरावीक रक्कम वजा केली की खरा हिरवेपणा मिळेल, असा सोपा हिशेब मलाही मांडता येत नाही.

हे सगळं पुस्तकी शंकेखोरपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ॲमेझॉनचं प्रकरण आठवावं. २००६ मध्ये अल्फ्रेडो ह्यूएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिसच्या आधारे मांडलं की कोरड्या ऋतूत, पाऊस थांबलेला असताना, ॲमेझॉनचं जंगल उलट अधिक हिरवं होतं. निष्कर्ष गाजला. २०१४ मध्ये नासाच्या डग्लस मॉर्टन यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की त्या महिन्यांत सूर्य आणि उपग्रह यांचे कोन असे जुळून येतात की उपग्रहाला सावल्या कमी दिसतात, कोन सारखे केले की ती हिरवाई नाहीशी होते. वाद तिथे संपला नाही. २०१६ मध्ये स्कॉट सॅलेस्का आणि इतरांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं की कोनांचा हिशेब धरूनही हिरवाई उरते, आणि त्याच वर्षी जंगलातल्या मनोऱ्यांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी नवी पालवी खरोखर फुटताना दाखवली. शेवटी कोण किती बरोबर हा इथला मुद्दा नाही. मुद्दा हा की तो वाद नुसत्या नकाशाने सुटला नाही, झाडांपाशी जाऊन बघावं लागलं. तिथे वापरलेला निर्देशांक वेगळा होता आणि त्याच्यावर कोनाचा परिणाम उलट्या दिशेने, जास्त जोरात होतो, हेही नोंदवायला हवं. म्हणजे ‘एनडीव्हीआयवर शंका आहे ना, मग दुसरा निर्देशांक घेऊ’ ही पळवाटही कोनातूनच जाते.

आता नकाशावाल्यांच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे. ते म्हणतील, शहाणा माणूस ऑक्टोबरची डिसेंबरशी तुलना करतच नाही. यंदाचा डिसेंबरचा पहिला पंधरवडा मागच्या वर्षांच्या त्याच पंधरवड्यांशी ताडून बघायचा. सूर्य दर वर्षी त्या तारखेला त्याच जागी असतो. देशात १९८९ पासून उपग्रहांवरून दुष्काळाचं मूल्यमापन चालू आहे, आणि २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेतला वनस्पती-स्थिती निर्देशांक याच तत्त्वावर उभा आहे. हे पूर्ण मान्य. असं केलं तर माझा अर्ध्याहून अधिक आक्षेप गळतो, आणि तो आनंदाने गळू देतो. पण मग ऑक्टोबर-डिसेंबरचे दोन नकाशे शेजारी ठेवून गावाला गप्प करणं थांबवा. तुमच्याच संहितेत ती तुलना बसत नाही.

पुन्हा, सूर्य त्याच जागी असतो हे तारखेपुरतं खरं आहे, उपग्रहाच्या वेळेपुरतं नाही. जुने नोआ उपग्रह दुपारी जायचे आणि वय वाढेल तसे संध्याकाळकडे सरकायचे. त्यांच्या दीर्घ नोंदी वापरणाऱ्यांना हा सरकता सूर्य आकड्यांतून काढण्यासाठी वर्षानुवर्षं खपावं लागलं. मोडिस वाहून नेणाऱ्या टेरा उपग्रहाची कक्षा सावरणं २०२० मध्ये थांबवलं गेलं. साडेदहाची त्याची वेळ २०२२ च्या ऑक्टोबरात सव्वादहापर्यंत आली आणि त्यानंतर आणखी अलीकडे सरकत गेली. समजा ती साडेनऊ झाली. डिसेंबरात सोलापूरवर सूर्य ४३ ऐवजी ३५ अंशांवर असेल आणि आपल्या ६० सेंटिमीटरच्या ज्वारीची सावली ६३ ऐवजी ८६ सेंटिमीटर होईल. मागच्या वीस वर्षांची सरासरी साडेदहाच्या उन्हातली आणि यंदाचा आकडा साडेनऊच्या उन्हातला, अशी तुलना जो करेल त्याला ज्वारी काही न करता सुधारलेली दिसू शकेल.

सोलापूरची खरी अडचण मात्र यापेक्षा घरगुती आहे. इथली पेरणी तारखेने होत नाही, पावसाने होते. उत्तरा-हस्ताचा पाऊस वेळेवर झाला तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिफणी सुटतात. लांबला तर ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. तारखेला तारीख ताडली तर उशिरा पेरलेलं, वयाने लहान पीक आजारी ठरतं. म्हणून पिकाचं वय ताडायला जावं, तर तेच वय दोन वेगळ्या सूर्यांखाली येतं. २० सप्टेंबरला पेरलेली ज्वारी पन्नास दिवसांची होते ९ नोव्हेंबरला, सूर्य ४९ अंशांवर असताना. १५ ऑक्टोबरची पन्नास दिवसांची होते ४ डिसेंबरला, सूर्य साडेचव्वेचाळीस अंशांवर असताना. फरक थोडा आहे, पण तो नेमका उशीर झालेल्या पिकाला उजळ दाखवण्याच्या बाजूचा आहे. या पेचातून फक्त आकाशाकडे बघून सुटका नाही. पेरणीची तारीख रानातूनच यायला हवी, आणि ई-पीक पाहणी राज्यभर २०२१ पासून आहे; ती माहिती या कामाला जुंपता येते.

वेळेचाच आणखी एक घोटाळा आहे आणि तो कुठल्याही जिरायतदाराला ठाऊक आहे. ओल तुटलेली ज्वारी सकाळी ताजीतवानी दिसते. रात्रीत तिने थोडं पाणी ओढलेलं असतं. दुपारी दोन-तीनला तीच पानांची सुरळी करून उभी असते, आणि खाली भेगाळलेली जमीन आ वासून दिसते. उपग्रह अकराला येऊन गेलेला असतो. तो खोटं सांगत नाही, त्याला दुपार माहीतच नाही. दाण्याचं तर त्याला काहीच कळत नाही: पोटरीत ताण बसला तर मालदांडी ज्वारीचा कडबा हिरवा उभा राहतो आणि कणीस पोचट निघतं.

दुसऱ्या बाजूच्यांनी एवढं वाचून टाळ्या वाजवू नयेत. ‘उपग्रह गेले खड्ड्यात, जुनी नजर पैसेवारी आणा’ असं म्हणणारे मला तितकेच अमान्य आहेत. नजर पैसेवारी कुणाच्या नजरेने ठरायची हे जिल्ह्याला चांगलं आठवतं. सेंटिनेलची एक चौकट १० मीटर गुणिले १० मीटरची, म्हणजे जवळपास बरोब्बर एक गुंठा. गुंठ्या-गुंठ्याची दर पाचेक दिवसांनी नोंद ठेवणारा कारकून कुठल्याही सरकारला परवडला नसता. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सोलापूरच्या अकरापैकी बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा हे पाच होते. बाकीच्यांनी आरडाओरडा केला आणि पुढे महसूल मंडळांपर्यंत उतरावं लागलं. इतक्या बारीक पातळीवर निर्णय करायचा तर आकाशातली नजर लागणारच. शिवाय ३१ ऑक्टोबरला रब्बी ज्वारी नुकती वर येत असते. रब्बीच्या जिल्ह्याचं भवितव्य खरिपाच्या मुदतीत ठरवायचं हा दोष उपग्रहाचा नाही, कॅलेंडर आखणाऱ्यांचा आहे.

म्हणून मागणी उपग्रह हटवण्याची नाही. पीक सावरल्याचा पुरावा म्हणून जो नकाशा पुढे येईल त्यावर प्रतिमेची तारीख, उपग्रह जाण्याची वेळ आणि त्या क्षणी सूर्याची उंची हे तीन आकडे छापलेले असावेत. प्रतिमेसोबत येणाऱ्या माहितीत ते असतातच, नवीन काही मोजायचं नाही. पंधरवड्यातला सगळ्यात हिरवा दिवस निवडून बनवलेला एकत्रित नकाशा असेल तर तो दिवस कोणता तेही सांगावं. ढग टाळायला ही निवड करतात, पण तिच्यातून कोनही निवडला जातो. त्याच आठवड्यात प्रत्येक मंडळातली काही जिरायत रानं दुपारी, सकाळी नव्हे, जाऊन बघावीत, ओळींची दिशा टिपावी. आणि जिथे सूर्याचीच शंका आहे तिथे राडार वापरावं. सेंटिनेल-१ आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेला इस्रो-नासाचा निसार आपापला किरण स्वतः सोडतात. त्यांना डिसेंबर काय आणि जून काय. राडारला हिरवेपणा दिसत नाही, ओल आणि पिकाची ठेवण दिसते, म्हणून ते एकटं पुरणार नाही. पण एनडीव्हीआय चढला आणि राडारला रानात काहीच वाढलेलं दिसलं नाही, तर त्या मंडळाचा नकाशा बाजूला ठेवून आधी तलाठी आणि कृषी सहायकाला दुपारी तीन वाजता शिवारात पाठवायला हवं.